बोटांनी वाचलेलं नाव

मित्रांनो, तेरच्या एसटी थांब्यावरून गावात शिरलात की पत्र्याच्या छपराखाली 'जुना छापखाना' अशी पाटी दिसेल. आत जे काळं, अवजड, हाताने चालवायचं छपाईयंत्र उभं आहे, ते मीच.

इंग्रजांच्या काळात मी एका ओतकारखान्यात घडलो आणि सोलापूरहून बैलगाडीने निजामाच्या राज्यातल्या तुळजापूरला आलो. रामलिंग नावाच्या गृहस्थांनी मला घेतलं. ते शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून शब्द तयार करायचे, त्यावर शाईचा रूळ फिरवायचे, कागद ठेवायचे आणि माझा दांडा ओढायचे. वरचा जड पाटा खाली दाबला जायचा आणि कागदावर अक्षरं उमटायची. लग्नपत्रिका, कुस्त्यांची पत्रकं, शाळेचे पेपर, काय काय छापलं! "याच्यावानी ठसा सोलापुरात बी उठत न्हाय," असं रामलिंग म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे संगणक आले. रामलिंग गेले. त्यांच्या घरच्यांनी मला गोठ्यात ढकललं. माझ्यावर सोयाबीनची पोती आणि पोत्यांवर कोंबड्या! एकदा भंगारवाला येऊन मला थोपटून गेला. नशीब, तो परत येण्याआधी राजेश्वरीताई आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ योगीराज यांनी मला तेरला आणलं, गंज खरवडला, तेल पाजलं आणि माझ्याभोवती निजामाच्या दिवसांतला छापखाना उभा केला. लोक लांबून येऊ लागले. स्वतःचं नाव छापून घेताना म्हातारी माणसंसुद्धा पोरांसारखी हसायची.

एके दिवशी घात झाला. राजेश्वरीताई पाट्याखालचा कागद नीट करत होत्या. तेवढ्यात फोटो काढून घेणाऱ्या एका पाहुण्याने न विचारता दांडा ओढला. ताईंची दोन बोटं चेपली. त्यांची किंकाळी ऐकूनही मला थांबता आलं नाही. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही.

बोटं वाचली, पण ताठ झाली. योगीराजभाऊंनी माझ्याभोवती दोरी बांधली. "आजपासून नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. ताई माझ्याकडे यायच्याच बंद झाल्या. माझे सांधे आखडू लागले. लोक येत, दोरीपलीकडून फोटो काढत आणि निघून जात.

मग एकदा ढोकीहून हरणाबाई आल्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. सून दीपाली त्यांचा हात धरून सगळं सांगत होती. हरणाबाईंनी दोरी चाचपली.

"ही दोरी कशापायी?"

"आजी, नुसतं बघायचं हाय," योगीराजभाऊ म्हणाले.

"आरं लेकरा, मला बघायचं म्हंजी हातच लावावा लागतो की!"

दाराशी उभ्या असलेल्या राजेश्वरीताई पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः दोरी सोडली.

"या आजी. ह्या दांड्याला कुणी हात लावायचा न्हाय, बाकी सगळं बघा."

हरणाबाईंचे खरबरीत हात माझ्या अंगावरून फिरले. फिरता फिरता ते ताईंच्या ताठ बोटांवर थांबले. "लई दुखलं असंल गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. ताईंचे डोळे भरून आले.

"आजी, तुम्हाला वाचता येत होतं का?" ताईंनी विचारलं.

"व्हय तर! डोळं होते तवर रोज पेपर वाचायची."

ताईंनी लाकडी मोठी अक्षरं जुळवली. जाड कागद ओला केला.

"ताई, शाई राहिली," भाऊ म्हणाले.

"राहू दे. तू फक्त दांडा ओढ. जीव लावून ओढ."

ताईंनी हात बाजूला घेतल्याची भाऊंनी आधी खात्री केली, मग दांडा ओढला. मी कुरकुरलो, पण होती नव्हती ती सगळी ताकद लावली. कागद पांढराच राहिला. त्यात अक्षरं मात्र खोल रुतली होती. हरणाबाईंचं बोट त्यांतून सावकाश फिरू लागलं.

"ह... र... अगं दीपे, हे तर माझं नाव हाय!"

मित्रांनो, आता माझ्याभोवती दोरी नाही. दांड्याला मात्र विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. जुन्या वस्तूंना जरूर जपा, पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. आम्हाला तेल द्या, चालवायचं नीट शिकून घ्या आणि काम द्या.

गेल्या श्रावणात ताईंनी एक अख्खी कहाणी अशीच बिनशाईची छापली. ढोकीत गल्लीतल्या बायका जमल्या आणि हरणाबाईंनी मांडीवर कोरे कागद घेऊन, एकही शब्द न चुकता, ती सगळ्यांना वाचून दाखवली.