सुपाबाहेरचे दाणे

"सुभद्रे, दाना हिरवा असो का काळा, देवाचाच हाये. फेकू नोको, बाप्पा!"

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे, आणि हा आवाज माझ्या मालकिणीच्या, सुभद्राबाईंच्या सासूबाईंचा. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं सांगणं अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरात मागे राहिलं.

माझा जन्म पातूरचा. पुंजाजी बुरडाने बांबूच्या कांब्या सोलून मला विणलं, त्याच्या बायकोने शेणाने सारवून उन्हात वाळवलं. सुभद्राबाईंच्या हाती आले ते दिवस माझ्या भाग्याचे. त्यांचा हात फार हलका. भुईमुगाचे दाणे पाखडू लागल्या की भरीव दाणा माझ्या कुशीत राहायचा आणि सुरकुतलेला, बुरशी धरलेला हिरवट दाणा पुढून जमिनीवर पडायचा.

"सूप हाये का तराजू?" शेजारच्या रुख्मिणीबाई म्हणायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा!

पण मी बाहेर टाकलेलं सुभद्राबाई वेचून घ्यायच्या. चांगले दाणे नैवेद्याला आणि लेकरांना. वेचलेले त्यांच्या स्वतःच्या उपासाला. सोमवार, चतुर्थी, एकादशी, त्यांचा एकही नेम चुकत नसे. "अग्नीतून गेलं की शुद्ध," म्हणत त्या ते खरपूस भाजायच्या. कडू लागलं तरी तोंड वाकडं करायच्या नाहीत. उपास म्हणजे का जिभेचे लाड?

१९६७ साली त्यांच्या उजव्या बरगडीखाली गाठ आली. अन्न जाईना. डोळे पिवळे झाले. "लग्नात लागली नव्हती एवढी हळद आता लागली," असं म्हणून त्या हसल्या.

त्यांचे धाकटे भाऊ कमलाकांत अमरावतीला डॉक्टर. तपासण्या करून ते घरी आले, तेव्हा सुभद्राबाईंची लेक चारुशीला मला घेऊन बसली होती.

"मामा, आईला नेमकं झालं काय?"

"यकृताचा कर्करोग. बघ चारू, शरीरातल्या पेशींना निरोप येत असतात. एक म्हणतो वाढ, दुसरा म्हणतो पुरे. तिच्या यकृतात 'पुरे' कुणी ऐकूनच नाही राहिलं. हे निरोप कोणत्या वाटेने जातात, ते आम्हालेही पुरतं कळलं नाही अजून."

"औषध?"

"आहे ते चांगल्या-वाईट दोन्ही पेशींना झोडपते. या तुझ्या सुपासारखं पाहिजे. वाईट तेवढंच बाहेर काढणारं, ती बिघडलेली वाट तेवढीच अडवणारं. निघेल कधीतरी." मग ते हळूच म्हणाले, "ताईच्या वेळेत नाही."

माझं एवढं कौतुक कुणीच केलं नव्हतं. मित्रांनो, मला ते ऐकवेना.

आत जाताना त्यांना अंथरुणाजवळची वाटी दिसली.

"ताई, हे हिरवे दाणे कोण खाऊन राहिलं?"

"मीच. एकादशी आहे न आज."

"काहून पण?"

"मग टाकायचे का? अन्न आहे ते."

कमलाकांत खाली बसले. परदेशात बुरशीचे दाणे खाऊन बदकांची पिल्लं मेली, उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या, असं त्यांनी वाचलं होतं. बुरशीचं ते विष भाजूनही पुरतं जात नाही. "माणसांचं अजून पक्कं नाही, ताई. तुझं यानेच झालं असंही मी म्हणत नाही. पण हे नको."

सुभद्राबाईंनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "रुख्मिणीला मीच शिकवलं रे. गल्लीतल्या साऱ्याच बायांना. टाकू नका म्हणून."

त्यांनी लेकीचा हात धरला. "चारू, घरोघर जाशील? उपास सोडा म्हणू नको हं. असे दाणे तेवढे टाका म्हण."

"जाईन, आई."

श्रावण लागण्याआधीच सुभद्राबाई गेल्या. मी खुंटीवर लटकत राहिले. धूळ बसली, एका कडेला कीड लागली. घरात दाणे आणायचं कुणी नावच काढेना.

मित्रांनो, माझी निगा राखली नाही तरी चालेल. पण सुपाने बाहेर टाकलेलं पुन्हा वेचू नका. दाणा देवाचा खरा, पण खाणाराही देवाचाच आहे.

आज एकादशी. सकाळी आंघोळ करून चारुशीलेने मला खाली काढलं, फडक्याने पुसलं. त्या वाटीतले हिरवट दाणे तिने जपून ठेवले होते, ते पदराच्या टोकाला बांधले. देवापुढे हात जोडले आणि मला काखेत घेऊन ती रुख्मिणीबाईंच्या दाराकडे निघाली.