माझ्या पोटात उसाची नळी

मी एक जुनी, लाल, दोन दरवाज्यांची विलायती मोटार आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. त्या उसासे टाकतात, सगळ्यांना माफ करतात आणि कोपऱ्यात पडून राहतात. मी तशी नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी पुरता सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातला. बोटीने मी मुंबईला उतरले आणि तिथून लासुर्ण्याजवळच्या एका कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांकडे आले. मी इतकी बुटकी की माझ्यात बसायचे म्हणजे जेवायच्या पाटावर बसल्यासारखे. म्हणून लोकांनी माझे नाव ठेवले बसकी! माझ्या वेगाला कुणी नाव दिले नाही, उंचीला मात्र लगेच दिले.

माझी रचनाही निराळी आहे. माझे इंजिन सीटांच्या मागे आहे आणि पाणी गार करणारा रेडिएटर नाकापाशी. म्हणून माझ्या पोटाखालून दोन लांब लोखंडी नळ्या जातात. एकीतून तापलेले पाणी पुढे येते, दुसरीतून गार होऊन मागे जाते. माझा जीव त्या दोन नळ्यांत. पण कुणीही यायचे, पुढचे झाकण उघडायचे आणि ओरडायचे, "साहेबाला फसवलं की रं! हिला इंजिनच न्हाय!"

साहेब माझ्या पोटात स्वच्छ पाणी आणि गंज चढू न देणारे हिरवे औषध घालत. ते निवृत्त होऊन गेले आणि मी एका वाडीतल्या मोहनराव बागायतदारांच्या दारात आले. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूचा हार, कुंकवाचे पाच टिळे, पोराबाळांची गर्दी. दुसऱ्या वर्षी जीप आली. तिसऱ्या वर्षी माझ्या टपावर पेंडीची पोती आली आणि मागच्या काचेपाशी कोंबडी अंड्यावर बसली. पाणी कमी झाले की कुणीतरी विहिरीचे मचूळ पाणी ओतायचे. हे पाणी चहात घातले तर दूध फुटते, म्हणून घरात कुणी तोंडात घेत नव्हते. मला चालते म्हणे! मला विचारले होते का? त्या खारट पाण्याने माझ्या नळ्या आतून कुजल्या, पापुद्रे सुटले, जागोजागी ठिबकू लागल्या.

मग आले १९९७ साल. वाडीचे सरपंचपद बाईसाठी राखीव झाले आणि मोहनरावांच्या पत्नी विजयमालाबाई निवडून आल्या. निवडून त्या आल्या, पण फेटा मोहनरावांनी बांधला. दर महिन्याला इंदापूरला तालुक्यातल्या सरपंचांची मीटिंग असते. तिथे बाईंच्या खुर्चीवर मोहनराव बसत. वाडीला प्यायच्या पाण्याचा नळ पाहिजे, हे बाईंचे सांगणे होते. बायका दोन मैलांवरून गोडे पाणी आणत होत्या. मोहनराव मीटिंगला जाऊन उसाच्या रस्त्याचे बोलून येत. नळाचे म्हणे विसरले! एकदा नाही, तीनदा.

चौथ्या वेळी बाई म्हणाल्या, "अहो, ह्या खेपेला माझी मी जाते. जीप द्या."

"जीप मला लागती. तू कशाला तरास घेती? सही करून ठेव, मी हायेच की."

"मग बसकी द्या."

मोहनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ने की! चालली तर ने!"

बाई ट्रॅक्टर चालवायच्या, त्यामुळे गाडीची भीती नव्हती. मी ठिबकते, एवढीच अडचण. आता मोहनराव मनाने वाईट नव्हते, हे मी रागातही कबूल करते. ते स्वतःच पाना घेऊन माझ्याखाली शिरले. पण त्यांच्या शेतात नुकतेच ठिबक सिंचन झाले होते आणि तेव्हापासून त्यांना जगातल्या प्रत्येक दुखण्यावर ठिबकची नळी हे एकच औषध दिसत होते. गोठ्याला तीच, न्हाणीला तीच, वाळत घालायच्या दोरीच्या जागीसुद्धा तीच! त्यांनी माझ्या दोन्ही नळ्या काढून उकिरड्यावर फेकल्या आणि शेतातली काळी प्लास्टिकची नळी बसवली. वर तारेने आवळली.

"पंचवीस एकर ऊस पेलतीया ही नळी," ते म्हणाले. "एवढीशी बसकी काय चीज हाय!"

मित्रांनो, मी काय ऊस आहे? उसाला गार पाणी लागते. माझ्या पोटातले पाणी उकळत्या चहाइतके तापते! पण ऐकतो कोण?

मीटिंगच्या दिवशी बाई पदर खोचून निघाल्या. वाटेतल्या जंक्शन गावाच्या अलीकडेच ती नळी भिजल्या पापडासारखी मऊ पडली, फुगली आणि फाटकन फुटली. वाफेचा लोट उठला. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मागून जीप आली. मोहनराव थांबले, खाली वाकून बघितले आणि म्हणाले, "बाईमाणसाला गाडी झेपत न्हाय, म्हणून सांगत हुतो." आणि गेले की इंदापूरला, बाईंच्या खुर्चीत बसायला!

ऐकलेत? नळी कुणी बसवली? फुटली कुणाची? आणि बोल कुणाला? वाडीतही तेच. पारावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे एकच चर्चा, सरपंचबाईंनी गाडी जाळली. त्या दिवशी मला हॉर्न असता तर मी गावभर ओरडले असते. पण हॉर्नच्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या.

बाई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून त्यांनी मला गेणबातात्यांकडे ओढत नेले. गेणबातात्या म्हणजे साखर कारखान्यातले जुने फिटर. जन्मभर वाफेच्या नळ्या जोडलेला माणूस. ते माझ्याखाली सरकले आणि आतूनच ओरडले, "कुण्या शहाण्यानं बसवली ही? हिला काय उसाच्या सरीत सोडायचीय व्हय?"

"आमच्या मालकांनी," बाई म्हणाल्या.

तात्यांनी खालूनच हात बाहेर काढला. "मग शहाणाच हाय," म्हणाले. "सरपंच, तो मोठा पाना द्या बघू इकडं."

सरपंच! मित्रांनो, निवडणूक होऊन चार महिने झाले होते आणि बाईंना ही हाक पहिल्यांदा ऐकू आली. पाना देण्याआधी त्यांनी तो पदराने पुसून घेतला, ते मी पाहिले.

तात्यांनी उकिरड्यावरून माझ्या जुन्या नळ्या शोधून आणल्या आणि त्यांच्या वळणाबरहुकूम नव्या केल्या. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आधी तिच्यात कोरडी वाळू ठासून भरली, मग तापवून हळूहळू वाकवली. मग वाळू काढून टाकली आणि सळईला फडके बांधून नळी आतून पुसली, एक कण राहू दिला नाही. टोकांना जोडायला ट्रकचे जाड रबर बाई बारामतीहून घेऊन आल्या. पक्क्या क्लिपा, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि हिरवे औषधही त्यांनीच आणले.

पाणी भरल्यावर तात्यांनी मला उलटी बांधाला लावून मागची चाके वर चढवायला सांगितली. शेपूट वर, नाक जमिनीला! माझ्यासारखीचा हा काय अवतार! मी चिडणारच होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हवा काढायची का, तात्या? शेताला पाणी चढवणाऱ्या लिफ्टच्या पाइपात हवा अडकली की पाणी पुढं सरकत न्हाय, तसं?"

"व्हय! तुमाला कळलं. मागचं पाणी हवेला पुढं रेटतं. नाकापाशी स्क्रू हाय, तो ढिला करा."

बाईंनी स्क्रू ढिला केला. फुस्स! फुस्स! हवा गेली आणि हिरव्या पाण्याची अखंड धार लागली. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटातून नाकापर्यंत पाणी नीट खेळले. तेव्हा मात्र माझा राग थोडा वेळ कुठे गेला ते मलाच कळले नाही.

पुढच्या मीटिंगला मोहनराव जीप घेऊन आधीच गेले होते. बसकी काही येत नाही, ही त्यांची खात्री. आम्ही जंक्शन ओलांडले. निमगाव केतकी मागे टाकले. पाणी किती तापले ते दाखवणारा काटा मधोमध, जागचा हलला नाही. इंदापुरात बाईंनी मला मीटिंगच्या खिडकीखाली उभे केले, म्हणून पुढचे सगळे मी कानांनी ऐकले.

"अहो, उठा."

"तू? कशी आलीस?"

"बसकीतनं. उठा, ही खुर्ची माझी हाय."

आत खसखस पिकली. कुणीतरी म्हणाले, "मोहनराव, उठा आता, मालकीण आली!" खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मग मी कुठं बसू?"

"बाहेर, गाडीत. पोरं हात लावतील, ध्यान ठेवा."

आणि मग बाईंचा आवाज, खणखणीत. "साहेब, मी सरपंच. आमच्या वाडीला प्यायच्या पाण्याचा नळ पायजे. चार मीटिंगा झाल्या, हा विषय कुणी काढलाच न्हाय. आज लिहून घ्या. लिहिलेलं मला वाचून दाखवा, मग मी बसते."

मीटिंग घेणाऱ्या साहेबांनी लिहून घेतले. वाचूनही दाखवले!

मोहनराव माझ्यात येऊन बसले. गुडघे छातीला, फेटा छताला. येणारा जाणारा विचारी, "गाडी कुणाची, पाव्हणं?" पहिल्यांदा ते खोकले, दुसऱ्यांदा दुसरीकडे बघितले. तिसऱ्यांदा म्हणाले, "सरपंचांची. मी नवरा हाय त्यांचा." आणि खाली उतरून, कुणी न सांगता, माझ्या पोटाखाली वाकून नळ्या कुठे ठिबकत तर नाहीत ना, ते बघून आले.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादे यंत्र असेल. सायकल असेल, शिलाई मशीन असेल. त्याला काय लागते ते आधी विचारा. घरात उरले आहे म्हणून काहीही त्याच्या पोटात कोंबू नका. कुजलेली नळी फुटायच्या आधी बदला आणि फुटलीच, तर चालवणाऱ्या बाईकडे बोट दाखवायच्या आधी बसवणाऱ्याचे नाव विचारा. एवढे केलेत तर मी रागावणे सोडीन.

मीटिंग सुटली वाटते. बाई येत आहेत, हातात नळाचा कागद आहे. व्हा बाजूला चाकापुढून, मला निघायचे आहे!