टाकीच्या तोंडाशी

तिने नोझल टाकीच्या तोंडात खोचलं आणि सवयीने म्हणाली, "झिरो बघा."

गाडीत धाकटा भाऊच होता. त्याने मीटरकडे न बघताच मान हलवली.

०.००

आठ वाजायला दहा मिनिटं होती. सकाळच्या पाळीची बाई आत गणवेश चढवत होती. थंडी अशी, की नोझलचा दांडा तळव्याला डसत होता.

"वीसच लिटर टाकते," ती म्हणाली. "जाऊन-येऊन पुरतील. वेळ नको घालवायला."

"टाक."

"दवाखान्यातून फोन?"

"नाही. आहेत तसेच आहेत अप्पा. वाट बघताहेत."

१.८०

काल संध्याकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले होते, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. दवाखाना तीन तासांच्या रस्त्यावर. ती तशीच निघणार होती, पण रात्रपाळीला दुसरं माणूस नव्हतं आणि मालक म्हणाला, सकाळी आठला सुटा. मग तिनेच भावाला सांगितलं, घरी जाऊन झोप, सकाळी दोघं जाऊ. पंपावर मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणून दवाखान्यात नंबर त्याचा दिलेला. रात्रभर तिने गाड्या भरल्या. प्रत्येक गाडी गेली की घड्याळाकडे बघायची आणि मनात म्हणायची, अप्पा, एवढं आठपर्यंत थांबा.

३.१०

टायरांत हवा भरणारा, ज्याला सगळे फुगा म्हणत, गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"ताई, तुमच्या भावाला बक्षीस द्या. जग गाड्या चिखलात लोळवून आणतं, याची बघा, बॉनेटवर भांग पाडून घ्यावा."

बॉनेट खरंच ओलं होतं. समोरच्या काचेवर पाण्याचे ओघळ.

"एवढ्या थंडीत गाडी धुतलीस?" तिने विचारलं. "नवरदेव आहेस का?"

"पहाटेच जाग आली. रात्री लवकर झोपलो ना. मस्त झोप झाली." तो हसला. अंगातला शर्ट घडीचा होता, घडीच्या रेषा दिसत होत्या. "आणि अप्पांना मळकी गाडी दिसली तर उठून बसतील शिव्या द्यायला."

"दाढीचं सामान घेतलंय मी. नवं पातं. आठ दिवसांची वाढली असेल, त्यांना टोचते."

भावाने आरसा नीट केला. आरसा नीटच होता.

"घे की," तो म्हणाला.

४.३६

टाकीच्या तोंडातून, नोझलच्या कडेने, पांढरी वाफ वर आली.

तिचा हात सुटला. मीटर थांबला. पहिलं मनात आलं ते भलतंच. डिझेलच्या गाडीत पेट्रोल? रात्रभर जागलेलं माणूस काय वाटेल ते करतं. तिने नोझल बघितलं, पाइप बघितला, पंपावरची पाटी बघितली. डिझेलच. वाकून वास घेतला. डिझेलच.

वाफ मात्र येतच होती. चहाच्या कपावर येते तशी, हळू, घाई नसलेली.

४.३६

अप्पा चाळीस वर्षं ट्रकवर होते. भाऊ गाडी शिकला, पण गाडीचं ऐकायला कधी शिकला नाही. ती शिकली. पंपावर लागली तेव्हा अप्पांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं: "पेट्रोलच्या वाफेचं कौतुक नाही, ती रोजची. डिझेल सहसा वाफ दाखवत नाही. पण जळून उरलेलं डिझेल इंजिनातून परत टाकीत येतं, गरम होऊन. गाडी तासन्‌तास पळाली आणि टाकीत थोडंच उरलं, की सगळं तापतं. थंडीत झाकण काढ, दिसेल तुला. ड्रायव्हर सांगेल, ताई, इथूनच जवळून आलो. टाकीला विचार."

४.३६

घर पंपापासून सात मिनिटांवर होतं.

तिने टाकीजवळच्या पत्र्यावर हात ठेवला. तिथे तो पाण्याने धुवायला विसरला नव्हता. पत्रा गारच होता.

वाफ थांबली नाही.

"काय झालं?" भावाने काचेतून डोकं बाहेर काढलं. त्याचे लाल डोळे तिने आत्ता पाहिले.

"काही नाही. हवा धरली असेल पाइपने."

तिने दांडा पुन्हा दाबला.

९.७५

तीन तास जायचे. तीन तास यायचे.

१४.२०

मधले अप्पांपाशी किती, ते तिने मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

२०.००

"ताई, वीस झाले."

तिने दांडा सोडला नाही.

२६.४०

"ताई."

"होऊ दे फुल. किती दिवस लागतील तिकडे, काय सांगता येतं."

त्याने डोकं आत घेतलं. आकडे पळत राहिले. फुगा कुठल्याशा स्कूटरच्या चाकाशी वाकून शीळ घालत होता.

३८.९०

टक. टाकी भरली. तिने नोझल जागेवर अडकवलं, झाकण फिरवून घट्ट केलं, आणखी एकदा घट्ट केलं. आत जाऊन सकाळच्या बाईला पाळी सोपवली, पिशवी घेतली. पिशवीत दाढीचं सामान होतं. ते तिने काढून ठेवलं नाही.

ती डाव्या बाजूला गेली नाही. उजव्या दाराशी, भावाच्या अंगावर सावली पडेल अशी उभी राहिली.

"चावी दे."

"अगं, तू रात्रभर उभी आहेस. मी चालवतो. माझी झोप झालीये."

"माहितीये. झाली असली तरी झोप."

दाराच्या काचेवर त्याची बोटं होती, ती तशीच राहिली. त्याने तोंड उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वाटेत सांग."

तो सरकून पलीकडच्या सीटवर गेला. तिने आपल्या पायांना पुरेल इतकी सीट पुढे ओढली.