यादीतला ताराचंद

"मंगेश, ताराचंद कुठी गेला?" भावनानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"मॅडम, ते तर होळीच्या आधीच वारले ना," मंगेश म्हणाला.

भावनानं कपाळावर हात मारून घेतला. ताराचंद वारला हे तिलाही ठाऊक होतं, ती त्याच्या तेरवीला जाऊन आली होती. ती विचारत होती यादीतल्या ताराचंदबद्दल. आणि यादीत ताराचंद नव्हता.

भंडाऱ्यातल्या त्या कार्यालयाचं नाव सांगून काही उपयोग नाही, त्या नावानं ते तिथं कुणी ओळखत नाही. नदीकाठी ठिकठिकाणी पाणी मोजणाऱ्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीला टेलिफोनची तार. इकडे एक म्हातारा संगणक, त्यात मोडेमचा काळ्या पडद्याचा प्रोग्राम आणि त्या प्रोग्राममध्ये जतन केलेल्या जोडण्या. हवी ती जोडणी निवडायची, मोडेम नंबर फिरवतो, जरा किंचाळतो आणि पाण्याची पातळी पडद्यावर येते. मोबाइलवर चालणाऱ्या नव्या पेट्याही बसवल्या होत्या, पण पाऊस लागला की आधी त्याच मुक्या होत.

शहाण्या माणसानं जोडण्यांना गावांची नावं दिली असती. इथं तसं नव्हतं. पेटी अडकली की तिथल्या चौकीदाराला फोन करून बटण बंद-चालू करायला सांगावं लागे, म्हणून सगळे पेटीला चौकीदाराच्याच नावानं ओळखत. बपेरा म्हणजे ताराचंद, लाखांदूर म्हणजे गुलाब. 'ताराचंद रात्रीतून चढला, गुलाब अजून खालीच आहे,' असं साहेबांनाही बिनदिक्कत सांगितलं जाई. गेल्या आठवड्यात साहेबांनी यादी साफ करायला सांगितली आणि नव्यानं आलेल्या मंगेशनं रिटायर झालेले आणि वारलेले सगळे पुसून टाकले.

"मेलेल्या मानसाचं नाव कायले ठेवाचं, असं वाटलं मले," तो म्हणाला.

बाकीच्यांचे नंबर इकडून तिकडून मिळाले होते. बपेऱ्याची गरज आज पडली. वर मध्य प्रदेशात पावसानं थैमान घातलं होतं आणि ते पाणी आधी बपेऱ्याला दिसतं. काठावरची गावं हलवायची की नाही, ते त्या आकड्यावर ठरणार होतं. मागच्या वर्षी उगाच हलवलं म्हणून लोक अजून शिव्या देत होते. नंबर पेटीच्या झाकणावर चिकटवलेला होता, पण ताराचंदच्या जागी अजून कुणी नेमलेलं नव्हतं आणि पेटीकडे जाणारा रस्ता पाण्याखाली होता. पेट्या बसवणारी कंपनी बंद पडलेली. टेलिफोनवाले फोन उचलत नव्हते. भावनानं आठवून आठवून नंबर लावले, तर मोडेम भलत्याच कुणाच्या तरी कानात किंचाळला आणि त्या माणसानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांचे फोन सुरूच होते. एव्हाना ती रडायच्या बेतात आली होती आणि तिला मंगेशच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

शेवटी तिनं ताराचंदचा मोबाइल लावला. तो त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं उचलला. पेटीचा नंबर कुठं लिहिलेला आहे का, असं भावनानं ओशाळत विचारलं.

"लिवलेला काहून पाह्यजे? पाठ आहे मले," म्हणत तिनं घडाघडा सांगितला. मंगेश तो प्रोग्राममध्ये भरू लागला. नाव काय टाकू, त्यानं विचारलं.

"बपेरा टाक," भावना करवादली. "गाव तरी राह्यते जागेवर."

मग फोन चालूच आहे हे तिच्या ध्यानात आलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "वहिनी, तुमाले कसा पाठ?"

"सैपाक झाला का मी लावत होतो ना. पेटी चिरकली का हे जेवाले येत." मनकर्णाबाई म्हणाली. "आता बी लावतो दुपारचा. उचलते बिचारी पेटी."

दुपारी बपेऱ्याची लाइन गुंतलेली लागते म्हणून भावनानं उन्हाळाभर कुरकुर केली होती. आता तिला मनापासून वाईट वाटलं, पण सांगणं भागच होतं.

"वहिनी, तुमी लावलं का आमचा फोन नाही लागत. पूर आहे. लोकायच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माह्यामुळं अडून राह्यलं होतं का?" मनकर्णाबाईचा आवाज बारीक झाला. "सांगाचं नाही का बाई. नाही लावत आता. कधीच नाही लावत."

भावनानं फोन ठेवला नाही. एरवी डोकं उठतं म्हणून बंद ठेवलेला मोडेमचा आवाज तिनं पूर्ण वाढवला, मोबाइल त्याच्याजवळ धरला आणि एंटर दाबलं. नंबर फिरला, घंटी वाजली आणि बपेऱ्याची पेटी खोलीभर चिरकली. पडद्यावर आकडा उमटला. पाणी धोक्याच्या खुणेच्या वर गेलं होतं. गावं हलवा म्हणून सांगायला मंगेश साहेबांच्या फोनकडे धावला.

भावनानं मोबाइल कानाला लावला.

"ऐकलो बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "ठेवतो आता. जेवाचं राह्यलं आहे माहं."