पूजेत मांडलेला ठोकळा

आमच्या टूलरूममध्ये मुलगी म्हणून मी एकटीच. आयटीआय करून मोहन्याहून डोंबिवली एमआयडीसीतल्या या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा 'ही संचिता आठवडाभरात पळेल' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पळाले नाही. नाकावर टिच्चून राहिले. डाय म्हणजे पत्रा कापायचा पोलादी साचा. वरचा भाग, खालचा भाग, आणि दोघांमधली फट केसापेक्षा बारीक. ती फट राखणं मला जमायला लागलं होतं. शिकाऊपण संपत आलेलं. माझी स्वतःची पहिली डाय पास झाली की कायम करू, असं मालकांनी सांगितलं होतं. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

मला शिकवलं धाकू मिस्त्रींनी. तोंडाने फटकळ, पण हातात कसब. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लाल रंगाचा एक लोखंडी ठोकळा दाखवला. डायमध्ये हात घालायचा तर आधी तो मधे उभा करायचा, म्हणजे वरचा भाग चुकून सुटलाच तर ठोकळ्यावर अडतो.

"आधी ठोकळा, मग हात. विसरलीस तर माझ्यासमोर उभी राहू नकोस," ते म्हणाले होते. एकदा मी विसरले, तर दिवसभर त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

माझी डाय तयार झाली ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी काम बंद, हत्यारांची पूजा. मालकांना हौस आली, नव्या डायचा पहिला पीस देवापुढे ठेवायचा. डाय प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या यंत्रात, चढवली, प्रेस चालू केली, पेडल दाबलं, पीस खाली पडला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि कधी नव्हे ते म्हणाले, "झालीस गं तू मिस्त्रीण!" माझे पाय जमिनीवर नव्हते.

स्विच बंद केला. आता डायला हळदकुंकू. ज्याची डाय त्यानेच लावायचं, ही आमच्याकडची पद्धत. मी ठोकळा शोधू लागले, तर तो पाटावर. सकाळी कुणीतरी घासूनपुसून कानशी आणि मायक्रोमीटरच्या शेजारी मांडलेला, वर झेंडूचं फूल. मी उचलायला वाकले.

"अगं ए! पूजेतलं उचलतात का?" मिस्त्री ओरडले. "उद्या दसऱ्यालाच हलवायचं ते."

"पण मिस्त्री, ठोकळ्याशिवाय?"

"लाइट बंद केलीय ना? मग! कुंकू लाव आणि मोकळी हो. भटजी खोळंबलेत."

लाइट बंद होती. पण प्रेसचं मोठं चाक स्विच बंद केल्यावरही बराच वेळ आपल्याच जोरावर फिरत राहतं, आणि तोवर पेडल दाबलं तर डायचा वरचा भाग खाली येतोच. मिस्त्रींना हे ठाऊक होतं, मलाही होतं. सणाच्या दिवशी ते कुणाच्या मनात येत नाही, एवढंच. मी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि हात आत घातला. तेवढ्यात आमचा ऑपरेटर सर्वेश केळीचा खुंट प्रेसला बांधायला पुढे आला आणि त्याचा पाय पेडलवर पडला.

डाय खरंच चांगली झाली होती. उजव्या हाताची तीन बोटं तिने एका फटक्यात कापली. जोडायचा प्रयत्न झाला, पण बोटं जगली नाहीत.

पुढे चौकशीचे साहेब हॉस्पिटलात आले. सोबत मालक आणि मिस्त्री. आई माझ्या उशाशी बसली होती.

"मुलीला सुरक्षेचं शिकवलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, साहेब," मिस्त्री म्हणाले. "ठोकळ्याशिवाय हात घालायचा नाही. विचारा तिलाच."

साहेब माझ्याकडे वळले. शिकवलं होतं, खोटं कसं बोलू? मी "हो" म्हणाले. मग सगळा जोर एकवटून म्हणाले, "पण त्या दिवशी मी ठोकळा उचलत होते. मिस्त्रींनीच उचलू दिला नाही."

मिस्त्रींची मान खाली गेली. मला वाटलं, आता कबूल करतील. त्यांनी साहेबांना हात जोडले.

"देवापुढे मांडलेलं कसं उचलू देणार, साहेब? तुम्हीच सांगा."

"तेही खरंच आहे," साहेब म्हणाले. मालकांनी मान डोलावली.

मी आईकडे पाहिलं. माझी आई चाळीत भांडखोर म्हणून प्रसिद्ध. नळावर बादली सरकवली म्हणून चार घरांशी बोलणं टाकलेली बाई. ही आता मिस्त्रींना सोडणार नाही, अशी माझी खात्री होती. तिने माझ्या बँडेजवर अलगद हात ठेवला.

"पूजेतलं कसं उचलायचं गं, बाळा?" ती म्हणाली.

बोटं गेली त्या दिवसापासून मी रडले नव्हते. आता मात्र मला रडू आवरेना.