उघाडीच्या फळ्या

गोदानं सकाळी ओटीवर पाय टाकला तो थेट गोंदात. मग काय, तोंडाचा पट्टा सुरू झाला. "घर हाय का भंगाराचा गोदाम? पत्रं आनतंस, तारा आनतंस, आनी आता आजीला चिकटवून ठेवतंस?"

नात समृद्धी खाली बसून गोंद पुसू लागली. आर्ट कॉलेजचं तिचं दुसरं वर्ष. 'माझी जागा' या विषयावर वेगवेगळ्या वस्तू जोडून चित्र करायचं होतं. वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून पत्र्याचे तुकडे आणून तिनं दोनदा केलं, दोन्ही वेळा सरांनी परत पाठवलं. हे कुठल्याही शहराचं आहे, म्हणाले, तुझं यात काय? आता शेवटची संधी होती, सोमवारची. त्यानंतर वर्ष वाया. 

आता तिची जागा कुठली, हे कोलशेत गावात कुणीही सांगितलं असतं. भावकीच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले होते. खाडीला लागून एवढी दोन एकर खारजमीन उरलेली, ती तिच्या आज्याची, धाकूची. खाडी आणि भात यांच्यामध्ये एक बांध. बांधाला दगडी चौकटीचं दार, त्याला म्हणतात उघाडी. तिच्या खाचांत चार फळ्या सरकवल्या की भरतीचं खारं पाणी बाहेर राहतं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, भरती तिथवर चढत नाही, तेव्हा फळ्या काढून पावसाचं साचलेलं पाणी खाडीत सोडायचं आणि अवस-पुनवेच्या उधाणाच्या आधी पुन्हा लावायच्या. धाकूनं पन्नास वर्षं यात एक तिथी चुकवली नव्हती. यंदा मात्र भात पोटरीला, म्हणजे कणसं धरायला आलं आणि त्याच वेळी तापानं त्याला खाटेला खिळवलं. म्हणून अष्टमीला फळ्या काढायला नातू गेला, दिपेश. जाताना बहिणीलाही घेऊन गेला.

फळ्या बांधावर टाकल्या तशी समृद्धी बघतच राहिली. मिठानं पांढऱ्या पडलेल्या, कडेला कालवं चिकटलेली, मध्ये किड्यानं कोरलेली बारीक नक्षी. वास तर थेट खाडीचा. तिनं हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. आठवडाभर जे शोधत होती ते तिच्या आज्याच्या बांधावर पडलेलं होतं.

"दादा, ह्या भारी आहेत रे."

"मग ने ना," दिपेश म्हणाला. "आज्यानं नवीन करायला टाकल्यात सुताराकडे. ह्या चुलीतच जाणारेत."

"आज्याला विचारू का?"

"तापात कशाला त्याचं डोकं खातेस? मी बोलतो त्याच्याशी. टेन्शन नको घेऊ."

दिपेशचं बोलणं असं लोण्यासारखं. गेले सहा महिने तो एका बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. समृद्धीलाही होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही.

तिनं मैत्रिणीच्या घरी नेऊन करवतीनं फळ्या कापल्या, त्यावर जुन्या जाळ्याचे तुकडे आणि चिखलाचा रंग चढवला. रविवारी संध्याकाळी घरी आली तेव्हा धाकू खाटेवरून विचारत होता, "दिपेश, उद्या अवस हाय. फल्या बसवल्यास का?"

"बसवल्या आज्या. झोप तू."

नव्या आल्या वाटतं, समृद्धीच्या मनात आलं. तरी उठून बांधावर जाऊन बघावं असंही वाटलं, पण चित्राची चौकट अजून व्हायची होती.

सोमवारी दुपारी तिनं सरांना फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं. आता सापडली तुझी जागा, सरांनी लिहिलं होतं. ती हसत आजीला दाखवायला गेली, तर आजी मागच्या दारी उभी. दुपारचा एक वाजत आला होता. वारा पडलेला. एरवी भातात कलकलणारे पक्षी गप्प होते.

"शेतान चकाकतंय काय गो?" गोदा म्हणाली.

समृद्धी अनवाणी धावली. उघाडीचं दार सताड उघडं होतं आणि खाडी आत येत होती. जोरही नव्हता तिला, घाईही नव्हती. पोटरीला आलेलं भात कमरेपर्यंत बुडालं होतं.

धाकू काठी टेकत मागून आला. भावकीतली चार माणसंही जमली. दिपेश आधीच तिथं उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

"फल्या कनी काढल्या?" कुणीतरी विचारलं.

धाकूनं नातवाकडे पाहिलं, मग नातीकडे. तिच्या नखांत अजून चिखलाचा रंग होता. "मीनीच," तो म्हणाला. "तापाच्या भरान इसरलू बसवाला."

"बघितलंत ना?" दिपेश शांतपणे भावकीला म्हणाला. "आता याला झेपत नाय. खारं पाणी शिरलं, तीन वर्षं काही पिकणार नाय इथे. आज्या, बिल्डरचे कागद तयार आहेत. आजच सही करून टाक."

समृद्धी आज्याच्या पुढे झाली. "आज्या खोटं बोलतोय. फळ्या मी नेल्या, कापल्यापण. दादानं दिल्या मला, आणि काल बसवल्या म्हणाला तोपण दादाच."

 दिपेश पहिल्यांदाच खाली बघू लागला.

"मना ठाव हाय गो बाय," धाकू म्हणाला. "शेत तं गेला. त्याच्यामागना नातू पन घालवू काय, म्हनून मीनी माज्यावर घेतला."

मग तो दिपेशकडे वळला. "तीन पावसालं गोड पानी पडला का मीठ धुवून जातं. मी जगन तवर. तुजा कागद ठेव घरान."