न विचारता ठोकलेले स्क्रू

विश्रांतवाडीच्या चैतालीने नोकरी लागल्यावर स्कूटीऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेतली, म्हणून घरचे वर्षभर टोमणे मारत होते. येरवड्याच्या तिच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बँडमध्ये मात्र गिटारवर तीच असायची. वार्षिक कार्यक्रमाच्या तोंडावर ती तापाने पडली आणि गिटार सरावाच्या खोलीतच राहिली.

परत येऊन पाहते तर गिटारच्या ब्रिजला लावलेला, सूर लववायचा दांडा हलेना. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज तिच्या गिटारला तरंगता होता. पुढून तारा ओढणार, मागून स्प्रिंगा. त्या ओढाताणीत तो अधांतरी राहायचा, म्हणून तर दांडा दाबला की सूर लवत खाली जायचा. आता ब्रिजच्या दोन्ही बाजूंना स्क्रू पिळले होते, थेट लाकडात.

बँडचा म्होरक्या दिग्विजय, तिचाच टीम लीड. त्याने सहज सांगितलं, की सराव अडू नये म्हणून त्यानेच तिची गिटार वाजवायला घेतली. जाड तारा चढवल्या, तर ब्रिज वर उचलला गेला, काही केल्या सूर लागेना. मग ऑफिसात आलेल्या सुताराकडून तो पक्का करून घेतला.

"जाड तारा जास्त ओढतात. स्प्रिंगा आवळायच्या होत्या," चैताली म्हणाली. "आणि त्याआधी मला फोन करायचा होता."

"अगं, तुझ्याच सोयीसाठी केलं. ते सांभाळणं तुला कुठे जमणार?"

तिची कानशिलं तापली. इतके दिवस कोण सांभाळत होतं मग?

बँडची गायिका नम्रता समेट करायला आली. चैतालीची अट एकच होती: न विचारता भोकं पाडली, चुकलं, एवढं त्याने सगळ्यांदेखत म्हणावं. दिग्विजयने सगळ्यांना सांगितलं, की थोडा गैरसमज झालाय, मुली जरा हळव्या असतात. चैतालीने गिटार उचलली आणि घर गाठलं.

तिथे स्क्रू काढून तिने नेहमीच्या बारीक तारा चढवल्या. ब्रिज पुन्हा तरंगला. वडिलांनी भोकं पाहिली आणि वाजतेय ना, मग एवढं काय, असं विचारलं.

कार्यक्रम तिच्याविना झाला, टाळ्याही पडल्या. सोमवारी तिने मॅनेजरकडे दुसरी टीम मागितली. गिटारवरून कुणी टीम बदलतं का, असं त्यांनी हसत विचारलं.

"मी बदलते," ती म्हणाली.

महिन्याभरात टीम बदलली. राग तेवढाच राहिला.